करवंटीतलं बिऱ्हाड

आमच्या घरात बोलायचं म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये बोलायचं. कसब्यात तांबट आळीत आमचं घर होतं. खाली अण्णांचा कारखाना आणि वर आम्ही राहायला. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, तिच्यात ऐरण, भट्टी, भिंतीला टेकवलेले तांब्याचे पत्रे आणि मधोमध पोत्यावर बसलेले माझे वडील. सकाळी आमचे चहाचे कप विसळून होईतो खालून मठारकाम सुरू व्हायचं. तयार भांड्याला बाहेरून हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि त्यावर चमकत्या टिकल्यांची नक्षी उमटते, ते मठारकाम. शेजारच्या घरात तेच, समोरच्या घरातही तेच. आमच्याकडे पाहुणे आले की पहिला दिवस डोकं धरून बसायचे. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नसे. उलट सुट्टीच्या दिवशी आळी गप्प असली की आई म्हणायची, "आज कसंतरी होतंय गं, घरात कोणी आजारी असल्यासारखं."

अण्णांना मात्र खरंच ऐकू येत नसे. जन्मभर त्या ठोक्यांत बसून त्यांचे कान गेले होते. जेवायची वेळ झाली की आई त्यांना हाक मारायच्या भानगडीत पडत नसे. वरच्या खोलीच्या तक्तपोशीला, म्हणजे लाकडी जमिनीला, एक फट होती, ती बरोबर अण्णांच्या बैठकीवर यायची. आई ओल्या हाताचे चार थेंब त्या फटीतून खाली शिंपडायची. अण्णा वर न बघता हातोडी खाली ठेवायचे, धोतराला हात पुसायचे आणि जिना चढायला लागायचे. त्यांच्याशी काही बोलायचं तर कानाशी ओरडावं लागे, आणि ओरडलं की ते आळीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाई. त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नसे, आणि नाजूक असं काही अण्णांना सांगताही येत नसे.

त्या काळात स्टीलने आमची आळी अर्धी रिकामी केली होती. लग्नाच्या रुखवतात आता स्टीलचे डबे दिसायचे. बंबाची गिऱ्हाइकं कमी झाली, घंगाळं तर कोणी विचारीना. माझा थोरला भाऊ मधुदादा हे सगळं बघून पिंपरीला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, आणि अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं नाही, पण त्याच्या कामाबद्दल एक शब्दही कधी विचारला नाही. या मधुदादानेच आमच्या घरात मासे आणले. कारखान्यातल्या भंगारातून लोखंडी अँगल आणून त्याने चौकट जोडली, काचा बसवल्या, कडांना लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरच्या खोलीत गॅलरीच्या दाराशी कपड्यांच्या ट्रंकेवर ती पेटी ठेवली. पाणी भरल्यावर ती दोन ठिकाणी गळली. अण्णा जेवायला वर आले, त्यांनी गळणाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, अँगलच्या जोडावरून बोट फिरवलं आणि संबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लोखंड आहे. गळणारच." मधुदादाने पुन्हा लांबी भरली. मग त्यात गप्पी आले, काळे मॉली आले, हिरव्या शेवाळासारख्या वनस्पती आल्या, आणि वनस्पतींना चिकटून न मागता आल्या त्या बारीक गोगलगायी. वर्ष होईतो मधुदादाची नाशिकला बदली झाली. जाताना सामानाची वळकटी खांद्यावर घेत तो मला म्हणाला, "शैले, हे तुझं. पाणी बदलत जा, आणि आईला त्यात निर्माल्य टाकू देऊ नकोस."

मी तेव्हा नुकती कॉलेजात जायला लागले होते. बुधवार पेठेतून येताना रेडिओच्या दुकानांमागच्या बोळात एक माशांचं दुकान लागायचं. दुकान कसलं, एक अंधारी खोली आणि तिच्यात उजळलेल्या काचा. दारावर पाटी होती : 'काचेवर टकटक करू नये. मासे दार उघडत नाहीत.' एकदा तिथे सगळ्यात खालच्या पेटीत मला बोटाएवढ्या माशांची एक जोडी दिसली. बाकीचे मासे काचेशी येऊन गर्दी करत होते. हे दोघे एका दगडाआडून बाहेर बघत होते. माझ्याकडे बघत होते, असं म्हटलं तरी चालेल. मासा आपल्याकडे बघतो असं त्याआधी मला कधीच वाटलं नव्हतं.

"याला काय म्हणतात?" मी दुकानदारांना विचारलं.

"लोक क्रिब म्हणतात. तो स्वतःला काय म्हणवतो ते मला सांगितलेलं नाही."

"पिल्लं होतात का यांना?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुली, गप्पीला पिल्लं होतात. हे पिल्लं वाढवतात. फरक आहे. आईबाप दोघं मिळून वाढवतात. पण त्याला पाणी त्यांच्या मनासारखं लागतं. मऊ, जरा आंबूस, चहाच्या रंगाचं. देशी बदामाची वाळलेली पानं भिजवायची आणि ते पाणी थोडंथोडं द्यायचं. जमणार असेल तर न्या. राहता कुठे?"

"तांबट आळीत."

"हरे राम," ते म्हणाले. "मग मासे कशाला, सतार शिका." पण जोडी त्यांनी दिली, आणि पिशवी हातात देताना सांगितलं, "घरात अंधारी जागा द्या त्यांना. लपायला जागा असली की ते बाहेर येतात."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढे मुलं वाढवताना ते मला किती वेळा आठवलं याला सुमार नाही. आता माझ्याकडे येरवड्याच्या फ्लॅटमध्ये चांगली मोठी टाकी आहे, दिवे आपोआप लागतात, पाण्याची परीक्षा कागदाच्या पट्टीवर होते आणि अडलं तर नातू मोबाइलवर जगभरच्या लोकांना विचारून देतो. तेव्हा असं काही नव्हतं. एका गृहस्थांनी सांगितलेली दोन वाक्यं आणि आपले डोळे, एवढ्यावर सगळं चालायचं.

अंधारी जागा म्हणून आईने मला नारळाची करवंटी दिली. तिला कडेला मी कानशीने घासून छोटं दार केलं आणि ती वाळूवर पालथी घातली. मादीने पहिल्याच दिवशी ती आतून-बाहेरून तपासली. घर बघायला आलेल्या बाईसारखी आत जायची, बाहेर यायची, भोवती फेरी मारायची, पुन्हा आत. मग तिने तोंडात वाळू भरभरून बाहेर आणून थुंकायला सुरुवात केली. नर नुसता बाजूला उभा. आई धने निवडता निवडता हे बघत होती. "हे मात्र आपल्यातल्यासारखंच दिसतंय," ती म्हणाली.

मादीच्या पोटाला रंग चढला तो त्यानंतर. जांभूळ खाल्लं की जीभ जशी होते, तसा. आणि त्या रंगासकट ती नरापुढे जाऊन अंग वाकवायची, पोट त्याच्याकडे वळवायची आणि थरथरायची. एवढासा जीव, पण ती थरथर बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. कॉलेजच्या पुस्तकात मासा म्हणजे कल्ले, खवले आणि पर अशी बाणांनी दाखवलेली आकृती होती. इथे एक बाई सजून आपला संसार मागत होती.

बदामाची पानं मी प्लॅस्टिकच्या बादलीत भिजवायची. एके दिवशी जेवण झाल्यावर अण्णा पानसुपारी चघळत पेटीसमोर बसले. ते असे कधी बसत नसत. बराच वेळ बसले. करवंटी, मादी, नर. मग त्यांची नजर बादलीवर गेली.

"हे काय?"

मी कानाशी ओरडून सांगितलं, "माशांचं पाणी! शिळं करून घालायचं असतं!"

"प्लॅस्टिकमध्ये?" अण्णा म्हणाले. "जिवंत जिवांसाठी प्लॅस्टिकमध्ये पाणी?" आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून खालच्या ठोक्यांची चाल बदलली. मी म्हटलं तसं आम्हाला तो आवाज ऐकू येत नसे, पण तो बदलला की लगेच कळायचं. संथ, बारीक, जपून दिलेले ठोके होते. आई हातातलं काम थांबवून म्हणाली, "हे गिऱ्हाइकाचं नाही. बऱ्याच दिवसांनी असं काही करताहेत." मग एका दुपारी अण्णा जिना चढून आले ते दोन्ही हातांत एक घंगाळ घेऊन. मी आयुष्यात पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर भांडं आहे. लहानच होतं, एका बाईला कडेवर घेता येईल एवढं. ओठ बाहेर वळवलेला, दोन बाजूंना कड्या, आणि सगळ्या अंगावर ठोक्यांच्या इतक्या बारीक आणि इतक्या सारख्या ओळी, की ते हललं की उजेड त्यावरून पाण्यासारखा वाहायचा. अण्णांनी ते माझ्यापुढे ठेवलं.

"यात ठेवत जा पाणी. तांब्यातलं पाणी औषधी असतं."

तेवढंच. पण त्यांच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मधुदादा पिंपरीला लागल्यापासून पाहिलं नव्हतं. मी बादली गच्चीवर नेऊन टाकली आणि त्या दिवसापासून बदामाची पानं घंगाळात भिजू लागली.

थोड्याच दिवसांत जोडीने अंडी घातली. मादी करवंटीत शिरली ती बाहेरच येईना. आरसा तिरपा धरून आत पाहिलं, तर छताला राजगिऱ्याच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली आणि मादी उलटी होऊन परांनी त्यांना वारा घालते आहे. नर दाराशी उभा. गप्पी जवळ आला की अंगावर धावून जायचा. मी आईला ओढत आणून आरशात दाखवलं. आईने पदराने डोळे पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "कोणी शिकवलं असेल गं हिला?"

आणि मग अंडी पांढरी झाली. भिजलेल्या साबुदाण्यासारखी. मादीने ती एकेक करून खाऊन टाकली आणि करवंटीतून बाहेर आली तेव्हा तिचा रंग उतरलेला होता. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी अंड्यांतून शेपटीसारखं काहीतरी वळवळताना मला दिसलं, मी आनंदाने वेडी झाले, आणि दुसऱ्या सकाळी आत काही नव्हतं. मादी मात्र रिकाम्या छताला वारा घालत होती. तिला तसं घालताना बघणं मला सहन झालं नाही. मी गॅलरीत जाऊन रडले.

मला वाटत होतं, हे ठोक्यांमुळे होतंय. खाली हातोडी पडली की पेटीतल्या पाण्यावर बारीक तरंग उठायचा, तो मी बघत बसायची. प्रत्येक ठोका त्या अंड्यांना लागत असणार. पण हे सांगायचं कोणाला? तांबटाच्या मुलीने तांबटाला म्हणायचं, की अण्णा, हातोडी थांबवा, माझ्या माशांना त्रास होतो? मग दसरा आला. दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा व्हायची आणि पुढे दिवाळीची घाई सुरू होण्याआधी अण्णा चारसहा दिवस हातोडीला हात लावत नसत. आळीतले बरेच जण गावाला जात. नेमकी त्याच शांततेत मादीने पुन्हा अंडी घातली. मी मनात म्हटलं, आता बघू. एक ठोका पडला नाही. पाणी आरशासारखं स्थिर. आणि तरी अंडी पांढरी झाली.

म्हणजे ठोके नव्हते. मग काय होतं, ते मला कळेना. मला सुचलं ते आईच्या दोन वाक्यांमुळे, आणि ती दोन्ही तिने माशांबद्दल म्हटलेली नव्हती.

पेटीत गोगलगायी फार झाल्या की मी त्यातल्या काही काढून गॅलरीतल्या एका जुन्या लोणच्याच्या बरणीत टाकायची. तिच्यात नळाचं पाणी आणि पाणवनस्पतीची एक काडी, बस. एके सकाळी आई तुळशीला पाणी घालताना ओरडली, "शैले, या बरणीत गोगलगायींचं गाव वसलंय. काहीतरी कर त्याचं." मी गेले, पाहिलं, हसले, आणि मग आत येऊन पेटीकडे पाहिलं. पेटीत एकही गोगलगाय नव्हती. वाळूवर नुसते शंख पडले होते. मी एक उचलला, रिकामा. दुसराही रिकामा. त्या कधी मेल्या ते मला कळलंच नव्हतं, कारण मी दिवसभर करवंटीकडे बघत होते.

मी तशीच शंख हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई पातेली उलटीपालटी करून बघत होती. "याची कल्हई उडालीय," ती स्वतःशीच म्हणाली. "यात नको कढी करायला, कळकेल."

ज्यांच्या घरात आता नुसतं स्टील आणि नॉनस्टिक आहे त्यांच्यासाठी सांगते. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की तांबं त्यात उतरतं, पदार्थ हिरवट होतो, खाल्ला की पोट ढवळतं. त्याला कळकणं म्हणतात. म्हणून अशा भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देतात, ती कल्हई. नुसत्या पाण्याचं तांब्याला काही होत नाही, होतं ते आंबटाचं. आणि मी अण्णांच्या घंगाळात, चकचकीत कोऱ्या तांब्यात, दिवसच्या दिवस बदामाची पानं भिजवून पाणी मुद्दाम आंबूस करत होते. मोठे मासे तग धरून होते. गोगलगायी आणि अंडी धरू शकली नव्हती.

मी आईला सांगितलं. आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"बादली आण परत," ती म्हणाली. "आणि यांना सांगू नकोस."

"ते विचारतील ना, घंगाळ कुठे गेलं म्हणून."

"विचारतील," आई म्हणाली, आणि तिचेच डोळे भरून आले. "कितीतरी दिवसांनी काही मनापासून केलं होतं गं त्यांनी."

सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, हे तर होतंच. तुमच्या तांब्याने पिल्लं मारली, हे वाक्य आळीतल्या सगळ्या तांबटांच्या समक्ष मी माझ्या वडिलांच्या कानात ओरडणार होते? मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी दोन दिवस काढले. मग एका हातात गोगलगायींची बरणी घेतली, कडेवर घंगाळ घेतलं आणि दुपारी जिना उतरून अण्णांच्या समोर जाऊन बसले. काही न बोलता मी बरणीतल्या जिवंत गोगलगायी त्यांना दाखवल्या. मग त्यातल्या काही घंगाळातल्या पाण्यात सोडल्या. अण्णांनी हातोडी खाली ठेवली होती. ते माझ्याकडे बघत होते, मग पाण्याकडे. गोगलगायींनी अंग शंखात ओढून घेतलं आणि तळाला जाऊन पडल्या. "उद्या बघा," मी ओरडले. एवढंच.

दुसऱ्या सकाळी चहाचे कप विसळून झाले तरी खालून ठोके आले नाहीत. आईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मी खाली गेले. अण्णा भट्टीशी नव्हते, बैठकीवरही नव्हते. उंबऱ्यावर घंगाळ पुढ्यात घेऊन बसले होते. गोगलगायी त्यांनी तळहातावर काढून घेतल्या होत्या आणि बोटाने हळूच हलवून बघत होते, एखादी तरी बाहेर येते का. मला पाहून त्यांनी घंगाळातल्या पाण्यात करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि रस्त्यावर थुंकले.

"कळकलंय," ते म्हणाले. "आंबट काय घातलंस यात?"

मी वाळलेलं बदामाचं पान दाखवलं. त्यांनी ते घेतलं, चुरगाळलं, वास घेतला. समोरच्या घरातले काका हातोडी थांबवून बघत होते. अण्णांना त्याची पर्वा नव्हती.

"मला वाटलं, नुसतं पाणी ठेवतेस," ते म्हणाले. मग तळहाताकडे बघून, "एवढेसे जीव. यांना किती पुरतं!"

आई जिन्यात आली होती. ती खुणेने म्हणाली, बादली आहे, बादली वापरेल ती. अण्णांनी जोरात मान हलवली. "बादली नको."

त्यांनी घंगाळ रिकामं केलं, चिंच-मिठाने आतून घासलं, भट्टी पेटवली. भांडं तापल्यावर नवसागराची चिमूट टाकली, पांढऱ्या धुराने खोली भरून गेली, आणि मग कथलाची काडी फिरवून कापसाच्या बोळ्याने त्यांनी एका हातासरशी सगळं आतलं अंग रुपेरी केलं. आतून चांदी, बाहेरून तांबं. पाण्याने पुन्हा पुन्हा खळखळून धुतलं. कल्हई त्यांनी हजारदा केली असेल, पण त्या दिवशी कड्यांच्या खाली, ओठाच्या वळणात, जिथे डोळा पोचत नाही तिथेही त्यांनी बोट फिरवून पाहिलं. मग आमच्या बरणीतली एक गोगलगाय घेऊन त्यांनी स्वतः आत सोडली आणि दिवसभर येता-जाता तिच्याकडे बघत होते. संध्याकाळी ती घंगाळाच्या काठावर चढून बसलेली होती.

पेटीतलं पाणी मी थोडंथोडं करून सगळं बदललं. वाळू धुतली. मादीच्या पोटाला पुन्हा जांभळाचा रंग चढला. ती करवंटीत गेली, आणि या वेळी मी आरसा लावला नाही. मला धीर होत नव्हता.

एका दुपारी आई पेटीजवळ कोथिंबीर निवडत बसली होती. "शैले," ती म्हणाली, "पाण्यात धूळ उडतेय बघ."

मी पाहिलं. मादी करवंटीच्या दारातून बाहेर आली होती आणि तिच्या मागे, तिच्या पोटाखाली, तिच्या भोवती धुळीचा एक ढग चालला होता. ती थांबली की ढग थांबत होता. ती वळली की तो वळत होता. मी काचेला नाक लावलं तेव्हा त्या धुळीला डोळे दिसले. प्रत्येक कणाला दोन डोळे. मी धावत जाऊन हात ओला केला आणि फटीतून खाली पाणी शिंपडलं. जेवण तर कधीच झालं होतं, त्यामुळे अण्णा गोंधळून हातोडीसकटच वर आले.

मी बोट दाखवलं. ते खाली बसले. आमच्या तिघांचे चेहरे त्या काचेत उमटले होते आणि त्या चेहऱ्यांमधून तो ढग चालला होता. तेवढ्यात एक मॉली जवळ आला. मादीने अंगाला एक झटका दिला, फक्त एक, पर मिटले आणि उघडले. त्या क्षणी सगळी धूळ वाळूवर जाऊन पडली आणि दिसेनाशी झाली. वाळूच झाली. नर मॉलीवर धावून गेला. मादीने पुन्हा अंग हलवलं, आणि वाळू उठून पुन्हा तिच्यामागे चालू लागली.

"काय सांगितलं तिने?" अण्णांनी विचारलं.

मी कानाशी जाऊन ओरडणार होते, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांचे डोळे पाण्यावर होते. "काही बोलली नाही ती," ते म्हणाले. "नुसती हलली. आणि सगळ्यांना कळलं."

पिल्लांना खायला उकडलेल्या अंड्याचं पिवळं फडक्यातून गाळून घालायचं असतं. आमच्या घरात अंडं आजवर आलं नव्हतं. आईने शेजारणीकडून एक आणवलं, गॅलरीत वेगळ्या स्टोव्हवर वेगळ्या डब्यात उकडलं, नाकाला पदर लावून स्वतःच गाळलं आणि मला बजावलं, "हे फडकं चक्क्याचं नाही बरं का! उगाच श्रीखंड खाताना तोंड वाकडं करशील."

पुढे त्यातली बरीच पिल्लं वाढली, आळीत तीनचार घरांत काचेच्या पेट्या आल्या, पुढच्या वर्षी दिवाळीला मधुदादा आला तेव्हा अण्णांनी त्याला हाताला धरून त्याच्याच पेटीसमोर बसवलं आणि नाशिकच्या कारखान्यात काय करतोस ते विचारलं. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, तिचा माशांशी काही संबंध नव्हता. अण्णा गेले, आई गेली, आमच्या पेठेच्या पोटातून आता मेट्रो जाते. हे सगळं असंच व्हायचं होतं. पण ही सगळी वर्षं माझ्यासोबत राहिली आहे ती पिल्लं पहिल्यांदा दिसली त्या दिवसाची संध्याकाळ.

अण्णा त्या दिवशी परत खाली गेलेच नाहीत. दिवेलागणीची वेळ झाली, खोलीत उजेड कमी होत गेला, आई देवापुढे निरांजन लावायला उठली. पाण्यात मादी अस्वस्थ झाली. तिने एका पिल्लाच्या जवळ जाऊन तोंड उघडलं आणि ते गिळलं.

"खाल्लं!" अण्णा ओरडले. "पोर खाल्लं तिने!" आईच्या हातातली काडी विझली. खालून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं. मादीने दुसरं गिळलं. अण्णा उभे राहिले आणि बाही सरसावून त्यांनी हात पाण्याकडे नेला, आणि मीही त्यांना अडवलं नाही, कारण मलाही तेच दिसत होतं. आईने मात्र त्यांचं मनगट धरलं. "थांबा," ती म्हणाली. तिने ते ओरडून म्हटलं नव्हतं, तरी ते थांबले.

मादी करवंटीच्या दाराशी गेली. डोकं आत घातलं आणि तोंडातलं सगळं हळूच आत सोडलं. दोन्ही पिल्लं. जिवंत, धडधाकट. मग ती परत फिरली, भरकटलेलं आणखी एक तोंडात घेतलं, घरात नेऊन सोडलं. पुन्हा आली. नर दुसऱ्या बाजूने बाकीच्यांना दाराकडे हाकत होता. आम्ही तिघं न हलता उभे होतो. मला आठवतं, आईने निरांजन पुन्हा लावलं नव्हतं आणि कोणी दिवाही लावला नव्हता, उगाच उजेडाने ती बिचकायची म्हणून. हळूहळू वाळूवर काही उरलं नाही. मादी आत गेली. नर दारात आडवा झाला.

"सगळी आली का गं आत?" अण्णांनी विचारलं.

किती होती कोणास ठाऊक. ती मोजता येण्यासारखी नव्हतीच. मी हो म्हणून मान हलवणार, एवढ्यात नर बाजूला सरकला आणि मादी पुन्हा बाहेर आली. अंधारल्या पाण्यात तिने पेटीची एक पूर्ण फेरी मारली, काचेच्या कडेकडेने, वनस्पतींच्या मुळांतून, पार मागच्या कोपऱ्यातल्या दगडापर्यंत. तिथे ती थांबली, खाली वाकली, आणि एक राहिलेलं तोंडात घेऊन घरी परतली.